पुडीवर छापलेला नवरा

"ही साडी नको," मॅडम म्हणाली. "फारच चांगली दिसतेय."

मी दारात उभी होते. हिरवी सुती साडी, पिवळ्या काठाची. फॅक्टरी बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या दिवाळीला ह्यांनी घेतलेली. सकाळी डोक्यावरून न्हाले होते, अंबाडा घातला होता. मुंबईच्या संस्थेची मॅडम फोटो काढायला येणार म्हणून. मॅडम माझ्याहून सहा-सात वर्षांनी तरी लहान. मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. मी तिला तेव्हा अहो-जाहो करायचे. आता सांगताना करत नाही.

"जुनी नाही का एखादी? फाटकी?"

"फाटकी ठेवत नाही आम्ही, मॅडम. गोधडीला लावतो."

ती फोटोवाल्याकडे बघून हसली. मग घरात डोकावली. कोबा घातलेली जमीन, गॅसची शेगडी, फळीवर ओळीने लावलेली स्टीलची भांडी. तिचं तोंड पडलं. आमचं घर बघून तिला वाईट वाटलं. घर बरं होतं म्हणून वाईट वाटलं. अशी माणसं मी तोवर बघितली नव्हती.

दोन फोटो हवे होते तिला. एक आधीचा, एक नंतरचा. बाई कशी होती आणि संस्थेने हात दिल्यावर कशी झाली. दोन्ही त्याच दिवशी, जेवायच्या आत काढायचे होते, कारण फोटोवाल्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं.

बाहेर रस्त्यावर टेम्पो उभा होता. टेम्पोत आमची मशीन. मसाला कुटायची, दोन मुसळांची. आमच्याकडे तिला डंख म्हणतात. समता महिला बचत गट आमचा, दहा जणी. सगळ्या बौद्धवाड्यातल्या. बदलापूरच्या पुढचं आमचं गाव. जांभूळच्या बाजूला पाण्याचा मोठा प्लांट आहे, तिथून फॅक्टऱ्यांना पाणी जातं. आमच्या माणसांनी आधी फॅक्टऱ्यांत काम केलं, फॅक्टऱ्या बंद पडल्यावर प्लांटवर कंत्राटाने केलं. कंत्राटदार बदलला, त्याने स्वतःची माणसं आणली. आमची घरी बसली. मग बायकांनी डोकं लावलं. आपल्या हाताचा मसाला उल्हासनगरात विकू. त्यासाठी ही मशीन, संस्थेच्या कर्जातून. दीड वर्ष संस्थेच्या अंबरनाथ पूर्वेच्या ऑफिसात चपला झिजवल्या तेव्हा कुठे ती टेम्पोत बसली.

"फोटो आणि फॉर्म झाला की उतरवू मशीन," मॅडम म्हणाली. "आधी हे उरकू."

नऊ बायका टेम्पोभोवती उभ्या. सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी गटाची अध्यक्ष. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, तसं झालं.

मॅडमला गावाच्या टोकाची कातकरीवाडी दिसली होती येताना. तिथे बुधीची झोपडी. कुडाच्या भिंती, वर प्लास्टिक. बुधी माझ्याच वयाची, वीटभट्टीवर जाणारी. पावसाळ्यात आमच्याकडे करटोली घेऊन यायची. कर्जासाठी तीही संस्थेकडे गेली होती, कागद नाहीत म्हणून परत पाठवली होती. आम्ही पाच-सहा जण तिच्या दारात गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. मॅडम चप्पल घालूनच आत शिरली. म्हणाली, "परफेक्ट."

मग माझ्याकडे वळली. "हिची साडी घाल."

बुधीकडे दोन साड्या. एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरची ओलसर होती, खांद्याला फाटलेली. मी झोपडीच्या मागे जाऊन ती नेसले. खरं सांगते, माझं नाक मुरडलं. धुराचा वास, मातीचा वास. माझ्या आईला लोकांनी आयुष्यभर लांबून पाणी वाढलं, तिची मी लेक. आणि कातकरणीची साडी अंगाला लागते म्हणून अंग चोरत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर सगळं सांगायचं.

मी बुधीच्या चुलीपुढे बसले. फोटोवाल्याने केस विस्कटायला सांगितले. विस्कटले. खाली बघायला सांगितलं. बघितलं. बुधी कोपऱ्यात उभी होती, आपल्याच घरात.

"ए, तू बाहेर हो," मॅडम तिला म्हणाली. "सावली पडतेय."

बुधी बाहेर गेली.

तिथेच, चुलीपुढे, फॉर्म भरला. फॉर्म इंग्रजीत. मी सातवी पास, मराठी वाचते, पण इंग्रजीत सहीपुरतंच. मॅडम विचारायची, मी सांगायचे, ती लिहायची. नवरा काय करतो. आधी फॅक्टरीत होते, आता घरी. घरी बसून काय करतो. मशीनसाठी पत्र्याची शेड बांधली त्यांनी, एकट्याने.

"पितो?"

"नाही."

"कधीच नाही?"

"पंचशील पाळतात ते. विहारात पोरांना तेच शिकवतात."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "हे बघ, पैसे देणारी माणसं लांब बसलेली असतात. त्यांना कळायला पाहिजे तुझं आयुष्य किती कठीण होतं. सगळ्याच बायकांचं तसं असतं गं. मी थोडं लिहिते, दारू, मारहाण. फाईलला लागतं. तुला कोण विचारायला येणारे?"

मी बाहेर बघितलं. झोपडीच्या दारातून टेम्पो दिसत होता.

"लिहा," मी म्हणाले.

आणि सही केली. बुधीच्या साडीत बसून.

आता कोणी म्हणेल, अशी कशी सही केलीस? बाई, अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? तर ऐका. आमच्या वाड्यात माझ्या वयाच्या सगळ्यांची जन्मतारीख एक जून आहे. माझी, ह्यांची, माझ्या दोन्ही जावांची. गुरुजींनी शाळेत नाव घालताना एक जून लिहिलं, झालं. रेशनकार्डावर माझ्या सासऱ्याचं नाव चुकलंय, ते चुकीच्याच नावाने मेले. दाखल्यावरची अंगखूण भलत्याचीच. कागदावर आमच्याबद्दल खरं कधी लिहिलेलंच नव्हतं. कागद म्हणजे कचेरीत ठेवायची वस्तू. त्यावर काय वाट्टेल ते लिहा, आमचं आम्हाला काम होऊ द्या. कागद उठून गावात चालत येतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

मशीन उतरली. शेडमध्ये बसवली. लाईट अजून जोडायची होती, तरी मी हिरवी साडी नेसून मशीनपुढे उभी राहिले आणि मुसळाखाली मूठभर मिरच्या टाकल्या. नंतरचा फोटो. शेडमधून घरातली भिंत दिसत होती. भिंतीवर बुद्ध, शेजारी कोटातले बाबा, वर निळा कपडा.

"ते दोन फोटो काढा तेवढे," मॅडम म्हणाली. "उगाच राजकारण वाटतं."

ह्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि फोटो उतरवले. पुसून पलंगावर ठेवले, पालथे नाही, सुलटे. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मशीनसाठी बोलले नाहीत. मशीनसाठीच बोलले नव्हते.

मग काम सुरू झालं. खोटं कशाला बोलू, बरं चाललं. मिरची, धणे, खसखस, दगडफूल, सगळं आम्ही निवडायचो, भाजायचो, कुटायचो. आगरी मसाला करायला शेजारच्या आळीतल्या बायकांकडून शिकलो. त्या शिकवायच्या आणि आमच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत, पण शिकवलं. छापील लेबलं मुंबईहून यायची, गठ्ठ्याने. पुढे नाव, मागे माझे दोन फोटो आणि इंग्रजीत आठ-दहा ओळी. माझी मुलगी सुजाता तेव्हा आठवीत होती. शाळेतून आली की ती लेबलं चिकटवायची.

पहिल्या दिवशी ह्यांनी पुडी उलटून बघितली. "बुधीच्या घरात कधी राहायला गेलीस गं?" असं म्हणून हसले. मीही हसले. खाली लिहिलेलं काय, ते आम्हा दोघांना वाचता येत नव्हतं. मला वाटलं, मसाला कसा वापरायचा ते असेल. फाईलमधलं फाईलमध्ये, पुडीवरचं पुडीवर. दोन्हीचा संबंध असेल हे मनातही आलं नाही.

पुड्या विकायला हे जायचे. दोन्ही हातांत पिशव्या, उल्हासनगरच्या कॅम्पात दुकानोदुकानी फिरायचे. तिथल्या सिंधी शेठ लोकांशी हिंदीत बोलायचे. माणूस मुळात गप्प, पण मसाल्याचं बोलायला लागला की थांबायचा नाही. "मेरी मिसेस बनाती है, साईं. हाथ का माल है." फॅक्टरी सुटल्यापासून मान खाली घालून चालणारा माणूस ताठ चालायला लागला होता. चार महिने ते पुड्या घेऊन फिरले.

एक दिवस पिशवी भरलेलीच परत आणली. खाली ठेवली, हातपाय न धुता खाटेवर बसले. मी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. पाणी दिलं, प्यायले नाहीत. सुजाता शाळेतून आली तेव्हा तिला जवळ बोलावून पुडी तिच्या हातात दिली. मागची बाजू वर.

"हे वाच. मराठीत सांग."

सुजाता वाचेना. नुसती उभी.

"वाच म्हणतो ना."

"मला माहितीये त्यात काय आहे, पप्पा."

मग तिने सांगितलं. पुडीकडे न बघता, पाठ असल्यासारखं. या बाईचा नवरा दारुडा होता. रोज रात्री तिला मारायचा. ती या झोपडीत उपाशी राहायची. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे, नवऱ्यानेही दारू सोडली आहे. ही पुडी घेऊन तुम्ही अशा एका बाईला वाचवता.

ह्यांनी हळूहळू सांगितलं दुकानातलं. नवीन शेठ होता. चष्मा लावून त्याने पुडीची मागची बाजू वाचली. फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "ये आपकी मिसेस?" हे म्हणाले, "हां साईं." मोठ्या तोऱ्यात म्हणाले असतील. शेठने सगळ्या गिऱ्हाइकांपुढे ते हिंदीत वाचून दाखवलं. तो टिंगल करत नव्हता. भला माणूस होता. ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अच्छा किया, भाऊ, छोड़ दी. अब औरत पे हाथ मत उठाना." दुकानातल्या दोन बायका ह्यांच्याकडे बघत राहिल्या.

चार महिने हा माणूस आपलीच बदनामी दोन्ही हातांत घेऊन दारोदार फिरला. वर सांगत राहिला, घ्या, चांगली आहे.

मी सुजाताला विचारलं, "तुला कधीपासून माहितीये?"

"पहिल्या गठ्ठ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मशीन गेली असती ना तुझी."

तेरा वर्षांची पोर. बापाची बदनामी रोज खळ लावून चिकटवत होती आणि वर सरळ बसलीय का बघत होती. मी तिथेच खाली बसले. ह्यांनी मला एकच विचारलं, "तू सांगितलंस का त्यांना असं?"

"त्यांनी लिहू का विचारलं. मी लिहा म्हणाले."

ते उठून बाहेर गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं, निदान पुडीवरचं एक वाक्य खरं झालं असतं. असाही घाण विचार माझ्या डोक्यात आला. त्या माणसाने हात उचलला नाही. नंतरही कधी नाही.

आठ दिवसांनी पौर्णिमा. विहारात पंचशील घ्यायला सगळे बसले. दर पौर्णिमेला हे पुढे बसून म्हणतात, मागून सगळा वाडा म्हणतो. एक झालं, दोन झालं. चार झाली. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ह्यांचा आवाज आला नाही. सगळे थांबले. मागच्या एका म्हातारीला वाटलं, ठसका लागला. मग दुसऱ्याच कोणीतरी पाचवं म्हटलं. मी बायकांत बसले होते. माझ्या अंगावर बुधीची साडी असल्यासारखं वाटत होतं.

मी ऑफिसात गेले. म्हटलं, लेबल बदला. मॅडम म्हणाली, "पुढची छपाई झाली आहे गं. आणि त्या गोष्टीमुळेच तर माल खपतो. तुला काय वाटलं, मसाल्यामुळे?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी घरी आले.

त्याच महिन्यात अंबरनाथ पूर्वेला एका हॉलमध्ये संस्थेचा कार्यक्रम होता. परदेशातले पाहुणे आलेले. स्टेजवर माझे ते दोन फोटो दाराएवढे मोठे करून लावलेले. हे आले नाहीत. मी सुजाताला घेऊन गेले. गटातल्या चौघी होत्या. मॅडमने माझं नाव पुकारलं आणि माईक हातात दिला. "ही आता स्वतःच्या शब्दांत आपली गोष्ट सांगेल."

मी म्हणाले, "हा फोटो माझ्या घरचा नाय. हे बुधी कातकरणीचं घर हाय. साडी तिची हाय. तिला तुम्ही कर्ज दिलं नाय, कारण तिच्याकडे कागद नाय. तिला तिच्याच घरातनं बाहेर काढून मला बसवलं. आणि माझा नवरा दारू पीत नाय. कधी पीत नव्हता. माझ्यावर हात उचलला नाय. मी सही केली, ती चूक माझी. पण लिहिलं यांनी."

पुढच्या खुर्चीतल्या गोऱ्या बाईने मॅडमला काहीतरी विचारलं. मॅडम हसून इंग्रजीत उत्तरली. सुजाताने माझा पदर ओढला.

"आई, ती सांगतेय की तू नवऱ्याला माफ केलंस. रडायला आलं म्हणून थांबलीस."

मी माईक पोरीच्या हातात दिला. "तू सांग."

तिने माईक धरला. माझी पोर, मराठी शाळेतली, इंग्रजीत कोणाशी कधी बोललेली नव्हती. म्हणाली, "माय फादर डज नॉट ड्रिंक. दिस इज लाय."

एवढंच आलं तिला. पण आलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी इंग्रजी बोलली म्हणून. गोरी बाई उठून उभी राहिली टाळ्या वाजवायला. आम्ही त्या टाळ्यांतून चालत बाहेर पडलो. सुजाता रस्त्यावर येईपर्यंत माझा हात सोडत नव्हती.

पंधरा दिवसांत टेम्पो आला आणि मशीन घेऊन गेला. कर्ज फिटेपर्यंत कागदावर ती संस्थेचीच होती. हा कागद मात्र खरा निघाला. गटातल्या बायका माझ्यावर उखडल्या. एकजण तोंडावर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या इज्जतीपायी आमच्या पोटावर पाय दिलास." तिचं खोटं नव्हतं. तिची मुलं लहान होती. दहातल्या सहा सोडून गेल्या. उरलेल्या चौघी आम्ही उखळात कुटतो. माल थोडा होतो, हाताला घट्टे पडतात. पुडीवर मसाल्याचं नाव, वजन आणि आत काय घातलंय तेवढंच, मराठीत. सुजाताने लिहिलेलं. हे उल्हासनगरच्या बाजारात परत गेले नाहीत. मी जाते. विहारात ते आता मागे बसतात.

मला वाटलं, संपलं. दोन महिन्यांनी मॅडमची गाडी परत आली. आमच्या वाड्यात थांबली नाही, सरळ कातकरीवाडीत गेली. मी उखळ सोडून धावले. हात लाल, डोळे झोंबत होते.

तोच फोटोवाला. तीच झोपडी. आता बुधीला चुलीपुढे बसवलं होतं. मॅडमच्या मांडीवर फॉर्म. माझंच भाषण कामाला लावलं होतं तिने. कर्ज नाही मिळालेली कातकरीण, आता तिची गोष्ट. ती बुधीला विचारत होती, "नवरा पितो का?"

मी आत शिरले आणि बुधीच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुझा इथे काय संबंध?" मॅडम म्हणाली.

"मी इथं फोटो काढलाय एकदा."

"बाहेर हो. फ्रेममध्ये येतेयस."

"नाय होत. हिच्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. मराठीत. मोठ्यानं. मग ही सांगेल काढायचा का नाय."

"कागद इंग्रजीत आहे."

"मग माझी पोर येईल पाचला. तोवर थांबा."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मॅडम बुधीला म्हणाली, "तुला नकोय का कर्ज?"

बुधी माझ्याकडे बघत होती. मग मॅडमकडे बघून म्हणाली, "वाच ना मग. वाचाया काय जातंय?"

मॅडमने फॉर्म पर्समध्ये घातला. गाडी गेली. बुधीला कर्ज मिळालं नाही. ती मला म्हणाली, "गेली गाडी." तिने महिनाभर माझ्याकडे पाठ फिरवली. तिचा राग रास्त आहे. मी तो सोसते. तिच्या घरातून तिला बाहेर काढलं तेव्हा मी गप्प होते, तिच्याच चुलीपुढे बसून मी नवरा विकला होता. त्याची परतफेड एका दिवसात होत नसते.

त्यानंतर आणखी संस्था आल्या, बँकवाले आले, एक पेपरवाला आला. पांढरी गाडी वळणावर दिसली की वाड्यातली कोणीतरी मला हाक मारते. मी हातातलं काम टाकून जाते आणि ज्या बाईचा फोटो काढायचा तिच्या शेजारी बसते. माझ्याकडे मशीन नाही, गट मोडलाय, माझा माणूस पाचवं शील अजून मोठ्याने म्हणत नाही. ते मी त्याच्याकडून काढून घेतलंय, आणि ते मला परत देता येत नाही.

पण या गावातल्या एकाही बाईबद्दल लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय इथून बाहेर जाणार नाही. गाडी रिकामी परत गेली तरी चालेल. मी उठणार नाही.